हार्ड डिस्कला अभिषेक

“आजी, हिलाही घ्या पूजेला,” अमोल म्हणाला आणि त्यानं हार्ड डिस्क पाटावर, पान्यांच्या आणि मापं घ्यायच्या हत्यारांच्या मधोमध, अलगद ठेवली. तान्हं बाळ ठेवावं इतकी अलगद. एवढी काळजी पठ्ठ्यानं मंगळवारी घेतली असती, तर आजचं नाटक करायची वेळच आली नसती.

अंबडला देवरामशेठच्या वर्कशॉपमध्ये खंडेनवमीची धांदल उडाली होती. लेथला झेंडूची माळ, ड्रिलला माळ, कंप्रेसरच्या कपाळावर कुंकू. शेठच्या आई, कुसाबाई, दरवर्षी खास या पूजेला दिंडोरीहून यायच्या. त्यांनी डिस्क उचलून उलटीपालटी केली.

“ह्ये काय रे बाबा? तंबाकूची डबी हाय का?”

“डबी नाही हो आजी! वर्कशॉप सुरू झाल्यापासून जेवढे साचे, म्हणजे डाय, बनवले, त्या सगळ्यांची ड्रॉइंगं हिच्या पोटात आहेत.”

आता खरं सांगायचं तर, अमोलच्या मते त्या पोटात काहीच उरलं नव्हतं. मंगळवारी वायरीत पाय अडकला आणि डिस्क टेबलावरून थेट फरशीवर आली. लावून बघितली तर आतून नुसती टकटक. टकटक करणारी डिस्क म्हणजे गेलेली डिस्क. कॉम्प्युटरवर ड्रॉइंगं काढणाऱ्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही. त्यानं इकडंतिकडं बघितलं, ती खणात लोटली आणि आज सकाळपर्यंत त्या खणाला हातसुद्धा लावला नाही.

नुसती पडली असती तरी एक वेळ भागलं असतं. पण शेठ येता-जाता बजावायचे, “अरे, दुसरी कॉपी ठेव. पेनड्राइव्हवर ठेव, मेमरी कार्डावर ठेव, इंटरनेटवर चढव, पण ठेव बाबा!” आणि हा म्हणायचा, “ठेवतो शेठ.” पेनड्राइव्हवर गाणी होती. कार्डावर सापुताऱ्याच्या सहलीचे फोटो होते. इंटरनेटवर चढवायचं काम उद्यावर होतं, आणि तो उद्या काही उजाडत नव्हता.

साधा पाना हरवला तरी शेठ अख्खं शेड डोक्यावर घ्यायचे. इथं तर सगळा धंदाच हरवला होता. नोकरी जाणार, यात अमोलला तिळमात्र शंका नव्हती. दिवाळीनंतर त्याचं लग्न होतं, आणि मुलीच्या वडिलांनी मुलापेक्षा नोकरी बघूनच होकार दिलेला. चार दिवस त्याला घास गोड लागला नव्हता. मग काल झेंडूच्या माळा ओवताना एकदम डोक्यात उजेड पडला. शेठ जगाला ओरडतील, आईला नाही. आईच्या हातून पूजेत डिस्क गेली, तर बोलणार कुणाला?

पण कुसाबाईंनी हळदकुंकू लावलं, फूल पाण्यात बुडवलं आणि डिस्कवर जेमतेम दोन थेंब शिंपडले.

“आजी, एवढंच?” अमोल कळवळून म्हणाला. “अहो, आपल्या सगळ्यांचं पोट हिच्यावर आहे.”

“आसं व्हय? मंग हात कशाला आखडायचा!” म्हातारीनं नुकताच फोडलेला नारळ उचलून डिस्कवर सगळा रिकामा केला. वर तांब्यातलं पाणीही ओतलं.

“आजी, आवो, लाइटीवर चालतं ते!” लेथवरचा दत्तू ओरडला.

“देवाच्या कामात मध्येमध्ये करू नका, दत्तूभाऊ,” अमोल गंभीरपणे म्हणाला.

डिस्क सगळ्यांच्या डोळ्यांदेखत जायला हवी होती. “चालते का बघतो हं,” असं म्हणत त्यानं ती तशीच निथळती उचलली आणि कॉम्प्युटरला जोडली. निळा दिवा लागला. टकटक झाली नाही. आतून मऊ, एकसारखी घरघर आली. अमोलच्या भुवया वर गेल्या. हे असं कसं, म्हणेपर्यंत चट् आवाज झाला, जळका वास सुटला आणि दिवा गेला.

“अरे देवा! गेली की हो!” अमोलनं कपाळावर हात मारला. सकाळी आरशासमोर मारून बघितला होता, त्याहून छान जमला.

कुसाबाईंच्या डोळ्यांत मात्र खरंखुरं पाणी आलं. “माज्या हातनं झालं का रे हे?”

अमोलला एकदम स्वतःची लाज वाटली. तेवढ्यात पेढ्यांचा पुडा घेऊन शेठ दारातून आत आले. दत्तूनं घडलं ते सांगितलं. शेठनं पुडा खाली ठेवला. काळी पडलेली डिस्क हातात घेतली आणि वास घेतला.

“आई, तू रडू नको बरं,” ते म्हणाले. “कुणाचा दोष नाही. आता एकेक डाय समोर ठेवून पुन्हा मापं घेऊ. अमोल आहे की आपला.”

अमोल आहे! म्हणजे नोकरी आहे! गड्याला आनंदानं नाचावंसं वाटलं. शेठनं त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला कंप्रेसरपाशी नेलं. शेठचा इतका बारीक आवाज त्यानं आजवर ऐकला नव्हता.

“मंगळवारी तुझ्याकडून ती पडली, तेव्हा मी लेथच्या मागंच उभा होतो. तू घरी गेलास आणि मी ती दुरुस्तीच्या दुकानात नेली. उघडताना जुनी कामातून गेली, पण आतलं सगळं निघालं रे! ते नव्या डिस्कवर भरून घेतलं आणि काल तीच तुझ्या खणात ठेवली. हुबेहूब तसलीच होती, तुला कळायचंही कारण नव्हतं.”

“मग... मला बोलला का नाहीत, शेठ?”

“म्हटलं, उगाच घाबरशील आणि भलतंच काहीतरी करून बसशील.”