देवमनचा पेला

"वास आला तं?" पंचफुलानं अंडं फोडता फोडता विचारलं.

"वेलदोडा टाक," शकुन म्हणाली. "गूळ बी टाक जरासा."

पंचफुलानं गरम दुधात अंडं फेटलं, डॉक्टरांनी दिलेली ताकदीची पावडर चमचाभर घातली आणि पेल्यावर ताटली झाकली. तिनं एकदा दाराबाहेर डोकावून घेतलं. डोकावणारच. पेला शेजारच्या माळकरी घरात जायचा होता. शकुनच्या सासूच्या, पार्बताबाईच्या गळ्यात तुळशीची माळ. दोन वर्षांमागं पंचफुलाच्या घरच्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, तरी म्हातारी अजून त्यांच्या घरचं पाणीही घेत नसे. आणि तिच्या लेकासाठी रोज यांच्याच कोंबडीचं अंडं! कळलं असतं तर म्हातारीनं अन्न सोडलं असतं, नाहीतर सुनेला घराबाहेर काढलं असतं.

पण करता काय? बडनेऱ्याच्या मालधक्क्यावर देवमनच्या नडगीवर कापसाची गाठ पडली होती. हाड कसंबसं जुळलं, पण जखम काही भरेना. अमरावतीच्या डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, शकुनला, बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मलम वरून लावायचं, पण कातडी येते ती खाण्यानं. रोज दूध, अंडं आणि ही पावडर. नाहीतर पाय काढावा लागेल."

शकुननं खाली मान घालून विचारलं, "कोन्त्याबी जखमेले चालते का हे?"

"कोणत्याही," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या रोग्याकडे वळले.

तेव्हापासून हे चाललं होतं. दूध शकुन घरून आणायची, पावडरीचा डबा पंचफुलाकडेच ठेवलेला. वैशाखाचं ऊन नुसतं भाजून काढत होतं, तरी ही बाई डावा हात मनगटापर्यंत पदरात गुंडाळून, उजव्या हातात पेला धरून निघायची. वाटेत जळतनाचं खोपट होतं. तिथं घटकाभर आत थांबायची, कोणी पाहत नाही ना ते बघायची, मग घरात शिरायची. नवऱ्यासाठी एवढा जीव धोक्यात घालणारी बायको शोधून सापडायची नाही, असं पंचफुला आपल्या नवऱ्याला सांगायची.

घरात काय वाढून ठेवलेलं असायचं ते ऐका.

"इतका वेळ? मसणात गेलती काय?" देवमन खाटेवरून ओरडायचा. हाताशी लोटा असला तर लोटा फेकायचा. पडल्या पडल्या नेम काही लागत नसे, लोटा भिंतीवर आपटायचा. दुखणाईत माणूस, चिडणारच.

"पोरगं तापट हाय, पन मनाचं साफ हाय," पार्बताबाई म्हणायची.

शकुन लोटा उचलून ठेवायची आणि चुलीपुढं बसायची. चिमटा तिनं उंच आढ्यात खोचून ठेवला होता, निखाऱ्यावरची भाकर ती बोटांनीच उलटवायची. एकेकीची सवय असते.

एके दिवशी मात्र पंचफुलाचं काळीजच थांबलं. ती कुडाशी उभी होती. पलीकडच्या अंगणात म्हातारीनं सुनेच्या हातातला पेला घेतला, नाकाशी नेला, तळहातावर थेंब घेतला आणि चाखला. माळ घातलेली बाई! पंचफुलाला वाटलं, आता आभाळ कोसळतं.

"पीठकट लागते वं," पार्बताबाई म्हणाली.

"पावडर हाय ना, आत्या."

"घशात नाई घुटमळत त्याच्या? बरं. दे."

संध्याकाळी पंचफुला म्हणाली, "मी तं मेलीच होती. तुले भेव कसा नाई लागत वो?"

"लागते ना," शकुन म्हणाली. "पन याचा नाई."

पंचफुलानं तिच्याकडे पाहिलं. पहिल्यांदा आली तेव्हा हाडांचा सापळा होती, आता गालावर रक्त दिसत होतं. सेवेचं पुण्य असतं बाप्पा, पंचफुलाच्या मनात आलं. हल्ली तर शकुन पाण्याची घागरही डाव्या कमरेवर आणू लागली होती.

देवमनची जखम मात्र चिघळतच गेली. कडा काळ्या पडल्या. शेवटी डॉक्टरांनी मान हलवली. उद्या अमरावतीला आणा, गुडघ्याखालून पाय काढू, म्हणाले.

पार्बताबाई धाय मोकलून रडली. मग सुनेचं डोकं छातीशी धरून म्हणाली, "तू काई कमी केलं नाई, माय. माह्या लेकाचंच नशीब खोटं."

शकुन डोकं सोडवून चुलीकडं गेली.

पंचफुलाला तर अन्न गोड लागेना. तिच्याच कोंबड्यांनी दगा दिला असं तिला वाटत होतं. तिनं तरीही पेला केला. "आजचा तं दे. पोटात ताकद असन तं कापाकापी सोसन," ती म्हणाली. "तो आता एका पायाचा. उठता येईन ना धावता. कसं होईन वो तुहं?"

"होईन," शकुन म्हणाली.

ती खोपटात शिरली. ताटली काढून तिनं दूध उभ्यानंच घटाघटा पिऊन टाकलं, तळाचा गूळ बोटानं निपटून खाल्ला. मग कोपऱ्यातल्या मडक्यातून ज्वारीच्या पिठाची पातळ पेज त्याच पेल्यात ओतली, जशी रोज ओतायची. वाकताना पदर घसरला. पायावर कापसाची गाठ पडली त्याच्या आदल्याच संध्याकाळी देवमननं तापलेला चिमटा तिच्या डाव्या दंडावर दाबून धरला होता. तिथं आता कोवळी गुलाबी कातडी आली होती.

जखम पार भरली होती.