केतकीच्या छातीतले गुलाबराव

हृदयरोगतज्ज्ञाच्या शेवटच्या परीक्षेत डॉ. केतकी बिडवे आधी दोनदा नापास झाली होती, आणि पट्टे बांधताबांधता तिने हे समोरच्या पेशंटला सांगूनही टाकलं होतं. पेशंटचं हृदय डॉक्टरच्या छातीत जाणवून देणारे हे पट्टे: एक तिच्या छातीवर, दुसरा पेशंट गुलाबराव शेवाळ्यांच्या. बटण दाबताच त्या निवृत्त एसटी ड्रायव्हरचं हृदय केतकीच्या छातीत धडधडायला लागलं.

"काय जाणवतंय?" परीक्षक दामले मॅडमनी विचारलं.

"डावीकडची झडप थोडी गळतेय. आणि ठोके एकशे अठरा."

"झडपेचं बरोबर ओळखलंत. पण सकाळी ठोके ऐंशी होते. एकशे अठरा कशाने झाले?"

केतकीने डोळे मिटले. ठोके नियमित होते, फक्त भेदरलेले होते, आणि ही भीती तिच्या चांगलीच ओळखीची होती.

"मॅडम, हा आजार नाही. माझ्या निकालाचं काकांना टेन्शन आलंय."

"काहीतरीच काय!" गुलाबराव उसळले. "तीस वर्षं घाटात गाडी चालवलीय मी. मला कसलं टेन्शन!"

"एकशे चोवीस," केतकी पुटपुटली.

दामले मॅडमनी चष्मा काढला आणि त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "डॉ. बिडवे, तुम्ही पास."

केतकीच्या छातीतलं गुलाबरावांचं हृदय एकदा टुणकन उडालं आणि हळूहळू निवांत झालं.

"आता किती?"

"अठ्ठ्याहत्तर."

"म्हणजे निदान बरोबर होतं," मॅडम म्हणाल्या, आणि मग कुठे त्यांनी कागदावर सही केली.