मागं कोण राहील

“या घराले कुलूप लागणार नाही. मी मेल्यावर लावा,” तुळसाबाई म्हणाली आणि तिनं पुढ्यातलं ताट असं सरकवलं की वरण जमिनीवर सांडलं.

पुसायला अर्थातच सुनेनं उठायचं. पण मैनाबाई उठली नाही. लग्न होऊन बालाघाटच्या या वस्तीत आल्यापासून पहिल्यांदाच ती सांडलेल्याकडे नुसती बघत बसली. तिचा नवरा, प्रेमलाल, मान खाली घालून भात कालवत राहिला.

भांडण भेडाघाटचं होतं. प्रेमलाल रेल्वेत खलाशी, म्हणजे मिस्त्र्याच्या हाताखालचा कामगार. यंदाचा पास हातात पडला तेव्हा त्यानंच ठरवलं की नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं जबलपूरला जाऊ, तिथून भेडाघाटला धुवांधारचा धबधबा पाहू, म्हातारे, मोठे, पोरं, सगळे एकदा मिळून कुठंतरी जाऊ. सगळे म्हणजे मैनाबाई सोडून. हे कोणी बोललं नव्हतं, कारण बोलायची गरजच नव्हती. घर उघडं ठेवायला, सांजेला दिवा लावायला एक माणूस मागं राहतं, आणि ते माणूस कोण हे घरातलं शेंबडं पोरही सांगेल. सारे लग्नाला जात, मंडईच्या जत्रेला जात, दसऱ्याला नागपूरला जात. ही दारात उभी राहून ‘सांभाळून जा’ म्हणे. बरं, रेल्वेच्या पासावर हक्क कोणाचा, तर बायकोचा. सासू-सासऱ्याची तिकिटं काढावी लागणार होती. म्हणजे फुकटात जाऊ शकणारी घरी आणि तिकीटवाले गाडीत, असा या घरचा न्याय.

या खेपेला मात्र मैनाबाईनं सकाळीच सांगून टाकलं होतं, “मीही तुमच्यासंगं येऊन राह्यली.” तेव्हापासून घरात कोणी कोणाशी सरळ बोलत नव्हतं.

“कुलूप म्हणजे वंश बुडाल्याची खूण असते,” सासरा पुनाराम म्हणाला. “महामारीत ज्या घरचे सारेच्या सारे मेले, त्या एकाच घराले आपल्या वस्तीत कुलूप लागलं होतं. आपल्या हातानं तसं करता काय?”

“मामाजी, घरातले देव तुम्हीच टोपल्यात भरून वैनगंगेत सोडले,” मैनाबाई म्हणाली. “आपण बौद्ध झालो, जुनं सारं सोडलं, असं चारचौघात सांगता. मंग हत्ती गेला अन् शेपूट तेवढं काहून राह्यलं?”

पुनारामनं आवाज चढवला. सासऱ्याच्या तोंडाला तोंड देते, हे शिकवलं काय हिच्या बापानं, वगैरे वगैरे.

“देव गेले, बुद्धाचा फोटो तर हाये,” तुळसाबाई मधेच म्हणाली. “त्याच्यापुढे दिवा कोण लावंल?”

“मोतीची माय, पुढच्या खेपेले जाशील ना तू,” प्रेमलाल हळूच पुटपुटला. तो जन्मभर पुढच्या खेपेवरच जगत आला होता.

मोतीलाल त्यांचा थोरला, मॅट्रिकला बसायचा होता. घरात मैनाबाईच्या बाजूनं तो एकटाच होता. त्यानं खिशातून नवंकोरं कुलूप काढून आजीपुढे ठेवलं.

“आजी, जमाना बदल गया. सारी दुनिया ताला लावून जाते. माय नाही आली तं मीही येत नाही.”

तुळसाबाईनं कुलूप उचललं, दारापर्यंत गेली आणि समोरच्या नालीत भिरकावून दिलं. मग जागेवर येऊन बसली, जणू ताटातला खडा काढून टाकला होता.

मैनाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “आत्याबाई, साऱ्याईची पाठ पाहत त्या दारात उभं राहणं काय असते, तुम्हाले काय माहीत? तुम्ही कवा मागं राह्यल्या?”

तुळसाबाई हसली. ते हसू चांगलं नव्हतं.

“मले माहीत नाही? माह्या सासूनं या दारात बसवून माही सारी जवानी खाल्ली. तिकडे माहेरी लामत्याले माही माय मेली. हे सारे मातीले गेले, माह्याच मायच्या मातीले, अन् मी इथं दिवा लावत बसली. सासू म्हणे, तू गेली तं घर कोण पाहील.” तिचा आवाज चिरकला, पण डोळे कोरडे होते. “प्रेमलालचं लग्न एवढ्या घाईनं काहून केलं, वाटते तुले? तू उंबरा ओलांडून आत आली अन् तिसऱ्याच दिवशी मी बाहेर पडली. आता मी काही मागं राहत नाही. तुले जायचं असंल तं तुह्यं तू पाह्य.”

पुनाराम उठून हात धुवायला गेला.

मैनाबाईला सासूची दया यायला हवी होती. थोडी आलीही. ही बाई आपल्या आईचं तोंड शेवटचं पाहू शकली नाही, एवढं तिला कळलं. पण दुसरंही एक कळलं, आणि त्यापुढे ती दया फार वेळ टिकली नाही.

“माय, तू घाबरू नको,” मोतीलाल अजून तिच्यासाठी तणतणतच होता. “मी उद्या दुसरा ताला आणतो.”

मैनाबाईनं त्याच्याकडे नीट पाहिलं. पोराला मिसरूड फुटलं होतं.

“राहू दे,” ती म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. “भेडाघाट पुढच्या वर्षी पाहू. या उन्हाळ्यात मोतीचं लग्न करून टाका.”