पिल्लाची शिट्टी

शिट्टी पुऱ्या आवाजात वाजली आणि म्हाताऱ्याने दचकून ती तोंडातून काढली.

"बाबा, हे काय केलंत!" जावई ओरडला. दुकानाचं पुढचं दार सताड उघडं होतं.

मेण निसटलं होतं. या घराचा पिढ्यान्‌पिढ्यांचा एकच नियम होता. शिट्टी तपासताना तिच्या आवाजाच्या भोकाला मेणाचा बोळा लावायचा, हलकी फुंक मारायची आणि आतली थरथर बोटाला जाणवली की झालं काम. आवाज बाहेर पडू द्यायचा नाही. म्हाताऱ्याने आज सकाळी तेल सुकायला म्हणून शिट्टी खिडकीतल्या उन्हात ठेवली. उन्हाने मेण मऊ पडणार, एवढी साधी गोष्ट त्याच्या ध्यानात आली नाही. हात चाळीस वर्षं मुरलेल्या कारागिराचा आणि चूक पहिल्या दिवसाची.

चाळीस वर्षं त्याने या शिट्ट्या कोरल्या, पण त्यांचा आवाज आज पहिल्यांदा ऐकला. लेकरू हरवल्यावर रडतं तसा होता तो.

रानातल्या दीपशिंगीचं हरवलेलं पिल्लू असं ओरडतं, आणि ते ऐकून ती धावत येते. तिच्या शिकारीला बंदी येऊन वीस वर्षं झाली होती. दुकानावर पाटी होती काठ्यांच्या मुठींची, आणि त्या मुठी इतक्या बेढब होत्या, की दुकान कशावर चालतं हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. गल्ली वस्तीतली शेवटची. तिच्या टोकाला नळ आणि नळापलीकडे रान. शिट्टी घेऊन जावई तिथूनच रानात शिरणार होता. सतरंजीत गुंडाळलेली बंदूक त्याने कोपऱ्यात उभी करून ठेवली होती. म्हाताऱ्याला हे काम अलीकडे नकोसं झालं होतं, पण पडला लेकीचा नवरा. नाही म्हणायची सोय नव्हती.

"आता कुणी चौकशीला आलं म्हणजे?" जावयाने विचारलं.

"नातवाचं खेळणं आहे म्हणून सांगू," म्हातारा म्हणाला.

माणूस कुणी आलं नाही. गल्ली मात्र गप्प होत गेली. आधी न्हाव्याची कात्री थांबली. मग नळावरच्या बायकांचं भांडण थांबलं, जे पाणी गेलं तरी थांबत नसे. म्हाताऱ्याने दारातून डोकं बाहेर काढलं.

भर दुपारी दीपशिंगी गल्लीतून चालत येत होती. तिची पाठ वरच्या मजल्याच्या सज्जाला लागत होती. शिंगांच्या टोकाटोकाला उजेड होता, आणि तो उन्हातही वेगळा दिसत होता. ती पुढे येईल तसतसा तो दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून सरकत होता. वाळत घातलेल्या कपड्यांच्या दोऱ्या तुटू नयेत म्हणून ती मान तिरकी करून जपून पावलं टाकत होती. न्हावी साबणाचा ब्रश हातात धरून उभा होता आणि अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक त्याच्या खांद्याला खांदा लावून. नळाखालची बादली भरून वाहत होती. कुणी ओरडलं नाही, कुणी पळालं नाही. तिला बघून भीती वाटायची कुणाला आठवणच राहिली नाही.

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. ज्या जनावराच्या नावाने आयुष्य गेलं, ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं. इतकं सुंदर काही आपल्याच गल्लीच्या टोकाला राहतं, हे आजवर आपल्याला कुणी सांगितलं कसं नाही, असं त्याला वाटलं.

ती थेट दुकानाच्या दाराशी आली. तिने त्याच्या हातातली शिट्टी हुंगली, मग त्याचे हात हुंगले, मग त्याचं टक्कल. आणि ती ते टक्कल चाटू लागली. सावकाश, मन लावून, न्हाऊ घातलेल्या पोराचं डोकं आई पुसते तसं.

जावई केव्हाच मागच्या दाराने निघून, वळसा घालून समोरच्या भिंतीशी पोचला होता. सतरंजी त्याच्या पायाशी पडली होती.

"बाबा, हलू नका," तो दबक्या आवाजात म्हणाला. "आत्ता आडवी होईल. बंदूक दिसली की पळायचं सोडून सगळ्या कूस दाखवून उभ्या राहतात. मूर्ख जात आहे. नेम चुकूच शकत नाही."

दीपशिंगीने मान वर केली. तिला बंदूक दिसली. आणि खरोखरच ती वळली आणि आडवी उभी राहिली.

म्हाताऱ्याच्या डोळ्यांपुढून गल्ली गेली, जावई गेला, बंदूक गेली. समोर उरली फक्त तिची कूस, श्वासागणिक हलणारी, ऊबदार. आई गेल्यापासून त्याला इतकं निर्धास्त कधी वाटलं नव्हतं. मग ती अशी का उभी आहे ते त्याला कळलं.

तो वाकून तिच्या मानेखालून पुढे आला आणि हात पसरून बंदुकीसमोर उभा राहिला. एवढ्या थोरल्या जनावराला त्याचे दोन काटकुळे हात काय झाकणार! ती एक पाऊल सरकली आणि पुन्हा त्याच्या आणि बंदुकीच्या मध्ये आली. तो शेपटीकडून बाहेर आला. ती पुन्हा फिरली. दोघांपैकी कुणीच ऐकेना.

"बाबा, बाजूला व्हा!"

"मला काय सांगता? तिला सांगा!"

जावयाने पुन्हा नेम धरला. पुन्हा म्हातारा पुढे झाला आणि पुन्हा ती मध्ये आली. बंदुकीची नळी खाली आली. जावई भिंतीला टेकून रस्त्यातच बसला.

"रानात शिट्टी फुंकायला माझा धाकटा भाऊ झुडपात बसायचा," तो म्हणाला. "एकूण एक दीपशिंगी त्याच्यापुढेच अशी आडवी उभी राहिली."