पंधरा मिनिटांची थोरली

धाकटी जर थोरली ठरली असती, तर थोरलीकडून बासष्ट वर्षं ऐकलेलं ‘मी सांगते ते ऐक’ तिला व्याजासकट परत करता आलं असतं. दोघी जुळ्या. अंतर म्हणे पंधरा मिनिटांचं, आणि तेवढ्या भांडवलावर थोरलीने जन्मभर हुकूम सोडले होते. शेवटी धाकटीने तिला ओढतच जन्मनोंदींच्या कचेरीत आणलं.

कारकुनाने वही उघडली. तारीख तीच, आईबाप तेच. पण ‘मुलगी, नाव नाही’ अशा ओळी दोन नव्हत्या, तीन होत्या.

“तिसरी गेली असेल हो,” थोरली हळूच म्हणाली.

मृत्यूच्या वहीत तशी नोंद नव्हती. मग कारकुनाने देवीची लस टोचलेल्या बाळांची वही काढली. तिथे जन्मक्रमाच्या नंबरापुढे नावं लिहिली होती. दुसऱ्या नंबरावर धाकटी, तिसऱ्यावर थोरली.

“बघ, शेंडेफळ निघालीस!” धाकटी म्हणाली. “मग पहिली कोण?”

“हिच्या पालकाच्या रकान्यात सुईणीचं नाव आहे...” कारकून चपापला. “अहो, त्या सुईणीची लेक म्हणजे आमच्या शाळेतल्या बाई! परवाच भर बाजारात मला शर्टाचं बटण लावायला लावलं त्यांनी.”

थोरलीने डोळे पुसले. “म्हणजे हुकूम सोडायची सवय आहे तिला. ऊठ गं, पत्ता घे.”

थोरलेपण दोघींनाही मिळालं नाही. त्याची किंमत बाईंना मोजायची होती: बासष्टाव्या वर्षी दोन धाकट्या बहिणी, त्याही भांडखोर.