जादा टाकी

टाकीखालच्या फरशीवर पुन्हा ओल दिसली. मिस्त्रींनी बोट टेकवलं, नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. पेट्रोलच होतं.

टाकी त्यांनी स्वतः पत्रा कापून घडवली होती. त्यांची लेक मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाला निघणार होती, तीही एकटी. वाटेत मोठं ओसाड पठार होतं आणि त्यावर एकही पंप नव्हता. गाडीच्या मूळ टाकीत ते पार होण्यासारखं नव्हतं, म्हणून मागच्या कॅरियरवर ही जादा टाकी. खाली कॉक, कॉकला पाइप, पाइप पुढच्या टाकीत. काम साधं होतं, पण निघायचा दिवस पुढे पुढे जात होता. मिस्त्री टाकी बसवायचे, तपासायचे, जेवून आडवे व्हायचे आणि उठून बघतात तर टाकी गळतेय.

वॉशर बदलून झाला. पाइप बदलून झाला. कॉक नवा आणला. सांध्याला पुन्हा डाख दिला. दर वेळी दोष दुसऱ्याचाच निघे. वॉशर हलका, पाइप जुन्या मालातला, आणि काहीच सापडलं नाही तेव्हा फरशीला उतार. शेजारचा शिंपी दारातून डोकावला आणि म्हणाला, मिस्त्री, नाचता येईना... पुढचं ऐकायच्या आत मिस्त्रींनी शटर अर्ध्यावर ओढलं.

बायकोचा संशय वेगळाच होता. हा बेत पहिल्यांदा कानावर आला तेव्हा मिस्त्रींनीच घर डोक्यावर घेतलं होतं. लेकीपुढे काही चालेना, तेव्हा कुठे मुकाट्याने टाकी करायला बसले होते. त्यामुळे इथे पेट्रोल गळत नाही, पाणी मुरतंय, असं तिचं स्पष्ट मत होतं. जेवताना तिने ते ऐकवलंही. पोरीला अडवायचं तर सरळ अडवा, टाकीच्या आडून कशाला? मिस्त्रींना ठसका लागला. एक वेळ पोरीला खोलीत कोंडीन, पण मुद्दाम कच्चं काम या हातून व्हायचं नाही, असं त्यांनी भांडं आपटून सांगितलं. लेक खाली मान घालून जेवत होती.

त्या दुपारी ते रोजच्यासारखे आडवे झाले, पण डोळा लागू दिला नाही. खोटं खोटं घोरले. ते इतकं झोकात झालं की बायको स्वयंपाकघरातून येऊन बघून गेली. ती वळताच ते अनवाणी उठले आणि मागच्या दाराने गॅरेजमध्ये शिरले.

लेक टाकीपाशी उकिडवी बसली होती. हातात त्यांचाच स्क्रू ड्रायव्हर. पाइपची क्लिप तिने जेमतेम अर्धा आटा सैल केली, पहिला थेंब आला तसा हात थांबवला. मिस्त्रींच्या मनात आधी आलं ते एवढंच, की हात सफाईचा आहे पोरीचा. क्लिपवर ओरखडासुद्धा नाही. संताप त्यानंतर आला.

तिने वळून पाहिलं. पळाली नाही, सबबही सांगितली नाही; होतं ते सांगून टाकलं. ऑफिसातल्यांनी वर्गणी काढून तिला हेल्मेट दिलं होतं, निरोपाची भाषणं झाली होती, मावशीने सगळ्या गोतावळ्याला कळवलं होतं. आणि जादा टाकी पहिल्यांदा बसल्यावर दोन्ही टाक्या भरून ती सरावाला गेली, तेव्हा गाडीचं वजन हाताला लागलं आणि ते पठार डोळ्यांपुढे आलं. तिथे टायर बसला तर? तेव्हापासून ती रोज दुपारी क्लिप सैल करत होती. वाटलं होतं, बाबा कंटाळतील आणि जायचा नाद सोड म्हणतील.

"सगळ्यांना सांगून बसलेय, बाबा. आता भीती वाटते हे कुठल्या तोंडाने सांगू?"

मिस्त्री तिच्या शेजारी फरशीवर बसले. पहिल्या दिवसापासून त्यांना जे हवं होतं, ते आयतं हातात पडलं होतं. पण लेकीचा चेहरा बघून आनंद काही होईना. बराच वेळ ते टाकीवरून हात फिरवत राहिले.

"तू नको सांगूस, मी सांगतो," ते म्हणाले. "बापाला टाकी बसवता आली नाही, म्हणून राहिलं. शिंप्यापासूनच सुरुवात करतो."

लेकीला वाटलं, बाबा आपल्याला हसवताहेत. पण ते खरंच उठले आणि चपला शोधू लागले. दारापर्यंत गेलेसुद्धा. तिने धावत जाऊन त्यांचा दंड धरला. डोळे भरून आले होते आणि हसूही आवरत नव्हतं. मग तिने क्लिप आवळली. मिस्त्रींनी खाली बोट लावून बघितलं. कोरडं.

ती म्हणाली, मागचं चाक एकटीने कसं काढायचं ते दाखवा. संध्याकाळपर्यंत मिस्त्री स्टुलावर बसून होते. चाक तिने काढलं, ट्यूब बदलली, बसवलं. चुकलं तिथे पुन्हा काढलं. त्यांनी एकदाही हात लावला नाही, जीभ मात्र अखंड चालवली.

सकाळी ती निघाली. हातमोजे चढवण्याआधी तिने क्लिपखाली हळूच बोट लावून बघितलं, ते फक्त मिस्त्रींनी पाहिलं. गाडी कोपऱ्यावरून वळली. आवाज विरेपर्यंत दोघं दारात उभी राहिली. आईने डोळे पुसले आणि कमरेवर हात ठेवून नवऱ्याकडे वळली. आता तरी खरं सांगा, म्हणाली, इतके दिवस ती टाकी गळत का होती?

मिस्त्री रिकाम्या रस्त्याकडे बघत होते.

"तू म्हणत होतीस तेच," ते म्हणाले. "क्लिप मीच सैल करायचो."