काकूचा नवा सांधा

"हा तिसरा!" दातांवर बसवायच्या स्प्लिंटचे चावून दोन तुकडे झाले होते, ते डॉक्टरांनी टेबलावर आपटले. "द्वारकाकाकू, झोपेत दात खाऊन जबड्याचा सांधा झिजवलात. धाकट्या जावेवरचा राग सोडा, नाहीतर सांधाच बदलावा लागेल."

"बदला," काकू म्हणाली.

शपथेवर सांगतो, तिच्या दातांच्या करकरीने गल्लीतली कुत्री गाव सोडून गेली होती.

धातूचा सांधा बसला. सहा आठवडे बोलायला बंदी, खायला फक्त पातळ पेज. ती रांधणारी घरात एकटी जाऊच. काकू प्रत्येक घोटाला डोळे वटारायची. जाऊ मान खाली घालून वाटी पुढे करायची.

सातव्या आठवड्यात डॉक्टर म्हणाले, "बोला आता."

काकूने जावेकडे बोट रोखलं. "सहा आठवडे पेजेत मीठ घालायला विसरलीस, भवाने!"

"विसरले नव्हते, जाऊबाई."